माप उभ्या पायाचं

कोल्हापूरच्या सुभाषनगरात चप्पल करणाऱ्या एका मामांकडे मी आमच्या महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या तीन मुलांना घेऊन गेलो होतो. मुलांच्या हातात तळपायाचा दाब मोजणारी पातळ गादी होती, आठ सेन्सर बसवलेली. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे त्यांना चपलेनंच सांगावं, की इथं भार जास्त पडतोय, इथं फोड येईल, अशी त्यामागची कल्पना. मामांनी गादी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "माप बसवून घेटलंय न्हवं?" मुलं गप्प. त्यांनी खरंच वर्गातल्या एका मुलाला खुर्चीत बसवून पायाची आखणी केली होती. "पाय बसल्यावर येगळा असतोय, हुबा ऱ्हायल्यावर येगळा. आणि चालाय लागला की तिसराच."

मग त्यांनी त्याच मुलाला कागदावर उभं केलं आणि पेन्सिल फिरवली. अंगाचा भार पडलेला पाय लांबीलाही वाढला होता, रुंदीलाही. चवड्याखालचा सेन्सर प्रत्यक्षात बोटांच्या खाचेत येत होता. सहा महिने आम्ही आकडे गोळा करत होतो, आलेख काढत होतो. ते चुकीच्या जागेचे आकडे होते.

त्या दिवसापासून मनात घोळत असलेली गोष्ट इथं मांडतो आहे. अंगावर घालायच्या संगणकांबद्दल, म्हणजे स्मार्ट घड्याळं, अंगठ्या, पट्टे, सेन्सर विणलेले सदरे यांबद्दल, कोल्हापुरात बोलणं निघालं की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हे आपलं काम नव्हे, ते बंगळुरात नाहीतर परदेशात होतं, आपण विकत घ्यावं. दुसरा म्हणतो, आपणही एक घड्याळ काढू, ॲप काढू, स्टार्टअप काढू. मला दोन्ही पटत नाहीत. हे संशोधन कोल्हापुरात व्हायला हवं, त्यावर सार्वजनिक पैसा खर्च व्हायला हवा, पण ते काम करणाऱ्या, उभ्या असलेल्या, घामेजलेल्या अंगाचं माप घेऊन व्हायला हवं. आणि त्या अंगातून निघालेली माहिती त्या माणसाच्याच ताब्यात राहायला हवी. यातलं दुसरं सुटलं तर पहिलं न झालेलंच बरं.

या विद्येचा जन्मच पायताणात झाला आहे. १९६१ साली एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोन गणितज्ञांनी रूलेट या जुगाराच्या खेळातला चेंडू कुठं थांबेल हे सांगणारं सिगारेटच्या पाकिटाएवढं यंत्र बांधलं. त्याची बटणं बुटात होती, पायाच्या अंगठ्यानं दाबायची, आणि उत्तर कानातल्या बारीक स्पीकरमधून सुरांत यायचं. लास वेगासला त्यांनी ते वापरून पाहिलं. हिशेब बरोबर होता, यंत्र चालत होतं, पण कानापर्यंत नेलेली केसासारखी बारीक तार पुन्हा पुन्हा तुटत होती. साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी या क्षेत्रातलं दुखणं तेच राहिलं आहे. गणित जमतं, चिप जमते. मऊ अंग आणि कडक यंत्र जिथं भेटतात तिथं तुटतं.

आणि हे तुटणं कसं टाळायचं हे चप्पल करणाऱ्याला ठाऊक असतं. कोल्हापुरी चपलेत कान आणि तळ जिथं मिळतात तिथं प्रत्येक पावलाला ताण येतो. जुन्या पद्धतीच्या चपलेत तिथं खिळा नसतो, चामड्याच्या वादीची शिवण असते. खिळा कडक, तो एका जागी ताण धरून ठेवतो आणि चामडं फाडतो. वादी पायाबरोबर हलते. ही गोष्ट माझ्या मुलांना मी तीन तास फळ्यावर सांगितली असती तरी कळली नसती. मामांनी एक जुनी चप्पल वाकवून दाखवली आणि मुलांनी त्याच संध्याकाळी आपल्या तारेचा सरळ जोड काढून टाकून नागमोडी केला.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात फ्रॅन्सिन जेम्परले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावर टणक वस्तू कुठं कुठं घातली तर माणसाला ती अडत नाही, याचा अभ्यास केला. गळपट्टीचा भाग, दंडाची मागची बाजू, मनगटापुढचा हात, बरगड्या, कंबर, मांडी, नडगी आणि पावलाची वरची बाजू, अशा जागा त्यांनी काढल्या. हा निबंध मी दरवर्षी वर्गात शिकवतो आणि दरवर्षी मला हुपरीचे चांदीचे कारागीर, कोल्हापूरच्या गुजरीतले सोनार आठवतात. गळ्यावर दिवसभर वागवता येईल असा साज किती वजनाचा असावा, पैंजण घोट्याच्या हाडाला लागू नये म्हणून कुठं वळवावं, कानाच्या पाळीवर कुडी बसवताना मागची फिरकी किती आवळावी, ही सगळी त्याच शास्त्राची उत्तरं आहेत, फक्त निबंधात लिहिलेली नाहीत. कानाची पाळी तर नाडी मोजायला मनगटापेक्षा बरी, कारण हात जितका हलतो तितका कान हलत नाही. असं असून सगळा बाजार मनगटाच्या मागे लागलेला. आमच्याकडच्या बायकांचं मनगट मोकळं असतं कुठं? तिथं बांगड्या आहेत, पिठाचे हात आहेत, भांडी आहेत, धारा काढताना बादलीत जाणारं पाणी आहे. तालमीतला पैलवान लाल मातीत घड्याळ घालून उतरणार नाही, त्याला ते कुणी घालूही देणार नाही. म्हणजे या जिल्ह्यात अंगाला सर्वांत जास्त राबवणारी माणसं या यंत्राच्या मापातच बसत नाहीत.

मापाबाहेर राहिलं की काय होतं याचा एक पुरावा कोविडच्या काळातच समोर आला. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कातडीतून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातलं खरं प्रमाण ८८ च्या खाली गेलेलं असण्याचा प्रकार गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडला आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते कुणाच्या कातडीवर पारखून घेतलं होतं, एवढाच प्रश्न होता. घड्याळाच्या तळाशी लुकलुकणारा हिरवा प्रकाशही याच तत्त्वावर चालतो, आणि कातडीला काळसर रंग देणारं मेलॅनिन हिरवा प्रकाश चांगलाच शोषून घेतं. उन्हात ऊस तोडणाऱ्याच्या मनगटावर ते यंत्र काय दाखवतं हे तपासायची गरज तिकडे कुणाला वाटावी? ती आपल्याला वाटली पाहिजे. "दीड हजारात चांगलं घड्याळ मिळतंय, सर, आपण कशाला करायचं?" असं मला विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच असतं. घड्याळ करू नका. पण ते आपल्या माणसांवर खरं बोलतं का हे तपासणारी एक जागा तरी आपल्याकडे असू द्या.

आता कापडाकडे येतो, कारण इथं आपला जिल्हा खरोखर श्रीमंत आहे आणि त्याला त्याची जाणीव नाही.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी कापडावरच विजेचं मंडल (सर्किट) शिवता येतं हे दाखवलं. त्यांनी हाताशी धरलेल्या कापडांपैकी एक होतं रेशमी ऑर्गन्झा, ज्याचा बाणा, म्हणजे आडवा धागा, रेशमाच्या धाग्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून केलेला असतो. भारतात ते निदान शंभर वर्षं विणलं जात आलं आहे, हे त्यांनी स्वतःच नोंदवलं. म्हणजे आपल्या जरीच्या जातकुळीचं कापड. ज्या धाग्याकडे आपण फक्त पदर म्हणून बघत होतो, त्यात त्यांना वीज वाहून नेणारी तार दिसली. हे वाचल्यावर मला अभिमान वाटला नाही, खरं सांगायचं तर हळहळ वाटली. धागा आपला, विणकर आपला, प्रश्न मात्र दुसऱ्याला पडला.

आज वीजवाहक धागा म्हणून जगभर जो वापरतात तो बहुधा चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा असतो. इचलकरंजीत यंत्रमाग १९०४ सालापासून चालतो आहे. तिथल्या राजवाड्यात १९८२ पासून डीकेटीईची वस्त्र अभियांत्रिकीची संस्था आहे. तिथून थोड्या अंतरावर हुपरी, जिथं पिढ्यान् पिढ्या चांदीची तार ओढली जाते. इकडे शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर आणि सुपरकपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या घटकांवर, वर्षानुवर्षं काम झालं आहे. वीज साठवणारा वाकणारा पदार्थ ही तर या क्षेत्रातली सर्वांत मोठी अडचण, कारण बॅटरी हीच अंगावरची सर्वांत जड आणि कडक वस्तू. ही चारही ठिकाणं एका केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, आणि एका एसटीच्या तिकिटात गाठता येतात. तरी माग चालवणारा, तार ओढणारा आणि थर चढवणारा एका टेबलाशी बसलेले मी आजवर पाहिलेले नाहीत.

बसले तर लगेच काही जादू होईल असं मी म्हणत नाही. चांदी घामानं काळी पडते. वीजवाहक धागा धुण्यात झिजतो, आणि आपल्याकडचं धुणं म्हणजे दगडावर आपटणं आणि पिळणं आलं. प्रयोगशाळेत पन्नास धुण्या टिकलेला सदरा पंचगंगेच्या घाटावर पाचात संपेल. पण मग चाचणी घाटावरची हवी. त्यासाठी परदेशी मानकांची वाट बघण्यात अर्थ नाही.

आता पायाकडे परत. भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचं आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. त्यातल्या कित्येकांच्या पायाची संवेदना हळूहळू जाते. खडा टोचतो, कळत नाही. चप्पल घासते, कळत नाही. जखम दिसते तोवर ती खोल गेलेली असते. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं होतं, की रोगानं पाय सडत नाहीत, वेदना नसल्यामुळे त्याच जागी पुन्हा पुन्हा भार पडतो आणि मांस मरतं. त्यांनी उपाय शोधला तो मऊ रबराच्या पायताणात, म्हणजे चांभारकामात. पुढे अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत असं आढळलं, की दोन्ही पावलांच्या एकाच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक पडला की ती धोक्याची खूण असते. रुग्णांनी रोज पाय मोजून, फरक दिसल्यावर चालणं कमी केलं तर व्रण होण्याचं प्रमाण बरंच घटतं.

तापमान टिपणारे दोन थर्मिस्टर आणि एक छोटी चिप, एवढ्यावर हे मोजता येतं. यंत्र स्वस्त आहे. अवघड आहे ते पायताण. आणि इथं माझ्या गावाभिमानाला मला आवर घालावा लागला. आम्ही आधी कोल्हापुरी चपलेतच सेन्सर घालायला निघालो होतो, बातमीला ते छान दिसलं असतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मधुमेहाचे रुग्ण तपासणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी आम्हाला थांबवलं. अंगठ्याची पकड आणि कडक तळ संवेदना गेलेल्या पायाला चालत नाहीत, तिथंच जखम होते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग मामांनी अंगठा काढला, पट्टा रुंद केला, तळाला मऊ थर दिला. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं फक्त वर ठेवलं, कारण ते पायाचा घाम धरून ठेवत नाही. कोल्हापुरीच्या नेहमीच्या जातींपैकी कापशी नव्हे, पुकरी नव्हे, असं काहीतरी निराळंच झालं ते. मामींनी त्यावर एक बारीक वेणी घातली. त्याशिवाय ते दवाखान्याचं वाटतंय आणि कोणी घालणार नाही, असं त्या म्हणाल्या. मला हे या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं संशोधन वाटतं. आजाऱ्याला आजारी दिसायचं नसतं, हे आमच्या प्रकल्प अहवालात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

म्हणून या कामात कारागिराला मजुरी देऊन मोकळं व्हायचं नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तरी जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या मंचावर तशीच चप्पल उतरवली तेव्हा कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं, ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. आपण प्राडावर रागावलो ते बरोबरच होतं. पण उद्या आमच्या महाविद्यालयानं या पायताणाचं पेटंट घेतलं आणि त्यावर माझं आणि मुलांचं नाव लागलं, मामा-मामींचं लागलं नाही, तर मी वेगळा कोण? संशोधक म्हणून त्यांचं नाव आणि त्यांचा हिस्सा आधी कागदावर यावा, सेन्सरची खरेदी मागाहून झाली तरी चालेल.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीनं फाउंड्री कामगारांसाठी बंडी केली होती. भट्टीशेजारी ओतकाम करणाऱ्याच्या हृदयाचे ठोके मोजायचे, आणि विसावा घेऊनही ठोके उतरत नसतील तर त्याला इशारा द्यायचा, म्हणजे उष्माघाताआधी तो बाजूला होईल. चांगली कल्पना होती. तिचे वडील स्वतः ओतकाम करत, त्यामुळे तिला ते मनापासून करायचं होतं. प्रयोगशाळेत बंडी छान चालली. कारखान्यात नेली तेव्हा वीस मिनिटांत घामानं एक जोड सुटला, आणि इंडक्शन भट्टी सुरू झाली की तिच्या चुंबकी गोंधळात ठोक्यांचा आलेख भरकटायचा. ते दुरुस्त करता आलं असतं. पण चाचणी बघायला आलेल्या व्यवस्थापकांनी पहिला प्रश्न विचारला, "यातून कोण किती वेळ बसून असतो ते कळेल का?" आणि बंडी घातलेल्या कामगारानं मान वर करून तिला विचारलं, "ताई, ह्ये मालकाच्या मोबाईलवर दिसणार का माझ्या?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि मार्गदर्शक मी होतो. ती बंडी आम्ही पुढे नेली नाही.

हा धाक काल्पनिक नाही. नागपूर, चंदीगड, पंचकुला या शहरांत महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. चंदीगडला कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं. घड्याळ कामगाराच्या अंगावर, पण त्याच्या कामाचं नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा आला. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायला मुभा आहे. शिवाय आरोग्याची माहिती ही जास्त नाजूक, तिला वेगळं संरक्षण, असा भेदही कायद्यात ठेवलेला नाही. म्हणजे ठोके मोजणारी बंडी शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत उद्या कुणी घालायला लावली, तर कामगाराच्या प्रश्नाला कायद्याकडून मिळणारं उत्तर धूसरच राहील.

काही उद्योजक मित्र म्हणतात, सर, माहिती मालकाला दिली नाही तर मालक पैसे कशाला घालेल? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि म्हणूनच मी सार्वजनिक पैशाचा आग्रह धरतो. जिल्हा नियोजनाच्या निधीतून किंवा विद्यापीठाच्या अनुदानातून काम झालं तर अट घालता येते, की यंत्रातला आकडा आधी आणि पूर्ण स्वरूपात घालणाऱ्यालाच दिसेल, इशारा त्याच्याच अंगावर वाजेल, आणि कारखान्याला हवं असेल तर फक्त एवढंच कळेल की आज या विभागात उष्णता किती होती. उष्णता ही कारखान्याची माहिती, ठोके त्या माणसाचे. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच अवघड नाही, हिशेब बंडीतल्या चिपवरच होऊ शकतो, तो बाहेर पाठवायची गरज नाही. असं डिझाइन करायचं की नाही हे पहिल्या दिवशी ठरतं. नंतर कुणी ते बदलत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. विद्यापीठ, डीकेटीई आणि सीपीआर यांनी मिळून एक सामाईक कार्यशाळा काढावी. तिथं शिलाई मशीन, वादीचा टोचा आणि विजेचे संकेत पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप एका खोलीत असावेत. चप्पल करणारे, सोनार, मागवाले यांना तिथं तासाप्रमाणे संशोधकाचं मानधन मिळावं. प्रत्येक यंत्र कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत दुरुस्त होण्यासारखं असावं, सीलबंद असेल तर ते मंजूरच करू नये. आणि माणसांवर चाचणी घेण्याआधी जी नैतिक समिती बसते तिच्यात एक तरी सदस्य असा असावा, ज्याच्या अंगावर ते यंत्र चढणार आहे. १९१८ च्या सुमारास, परदेशी सिनेकॅमेरा मिळेना तेव्हा बाबूराव पेंटर आणि दादासाहेब मिस्त्री यांनी याच गावात कॅमेरा घडवला. तेव्हाही चित्रकार आणि मिस्त्री एका खोलीत बसले म्हणूनच ते झालं.

आमच्या पायताणाच्या सध्या दोन जोड्या वापरात आहेत. एक जोडी पंचावन्न वर्षांच्या एका भाजीवाल्या मावशींच्या पायात आहे, दुसरी मामा स्वतः घालून बघतात. तारेचा नागमोडी जोड अजून तुटलेला नाही. पण मृग लागला की चामडं पायातून निघतं, जिल्हाभर लोक प्लास्टिकवर येतात, आणि पायाला जखम व्हायचा धोका तर चिखलपाण्यातच जास्त. त्या चार महिन्यांत मोजायचं कशात, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी तो प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे, आणि पुसू नये असं शिपाईदादांना सांगितलं आहे.